तुपाकचा तो आवाज एआयचा नाही
परवापासून आमच्या एफसी रोडच्या कट्ट्यावर एक फॉरवर्ड फिरतोय: अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारच्या 'टु पिंप अ बटरफ्लाय' या अल्बमच्या शेवटी बोलणारा दिवंगत रॅपर तुपाक एआयने बनवलाय. साफ खोटं. अल्बम मार्च २०१५चा. असले आवाज तेव्हा मोबाइलवर घरबसल्या बनत नव्हते. तुपाक १९९६मध्येच गेला, पण आवाज त्याचाच आहे. १९९४ साली मॅट्स निलेस्कार या स्वीडिश रेडिओ पत्रकाराने त्याची मुलाखत घेतली होती. त्यातल्या उत्तरांच्या मध्ये केंड्रिकने स्वतःचे प्रश्न बेमालूम बसवले.

त्याच फॉरवर्डमध्ये या अल्बमला पुलित्झर पुरस्कारही देऊन टाकलंय! ते मिळालं २०१८मध्ये, केंड्रिकच्याच नंतरच्या 'डॅम' या अल्बमला. जॅझ आणि रॅपची खरी घुसळण मात्र 'बटरफ्लाय'मध्येच आहे: थंडरकॅटचा बेस, कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन.

फॉरवर्ड करण्याआधी 'बटरफ्लाय'मधलं १२ मिनिटांचं शेवटचं गाणं 'मॉर्टल मॅन' हेडफोन लावून पूर्ण ऐका की राव. शेवटी केंड्रिक सुरवंट आणि फुलपाखराबद्दलचं काहीतरी वाचून दाखवतो, तुपाकला त्याचं मत विचारतो. उत्तर नाही. मग नुसत्याच हाका.