मासे जिवंत आहेत म्हणून टाकीत करंट नाही?

घरी फिशटँक असलेल्यांमध्ये एक मजकूर फिरतोय: "टाकीत करंट उतरला असता तर आधी मासे मेले असते. मासे पोहताहेत, तर खुशाल हात घाला. तरी भीती वाटली तर एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) आहेच, ती पडेल. आणि हीटर दोन पिनांचा असतो, त्याला अर्थिंग लागतच नाही." वाचताना यातलं एकेक वाक्य पटतं, म्हणूनच हे खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

आधी माशांचं. विजेच्या एकाच तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याच्यातून वीज पुढे जाणार कुठे? माशाचंही तसंच. चहूबाजूंनी काच, खाली थर्माकोल. पाण्यात 230 व्होल्ट उतरले तरी करंटला जमिनीकडे जायला वाट नाही. ती वाट आपण करून देतो, पाणी सांडलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हात बुडवतो तेव्हा. माझ्या दोन फुटी टाकीतल्या हीटरची काच तडकली होती तेव्हा गप्पी आणि मॉली मजेत फिरत होते. मला कळलं ते विळीने चिरलेल्या बोटाला झिणझिण्या आल्या म्हणून. पायात रबरी स्लिपर होती, तेवढ्यावर भागलं.

सगळ्यात घातक समज एमसीबीचा. ती वायरिंग जळू नये म्हणून असते, माणूस वाचवायला नाही. ओल्या शरीराचा रोध हजार ओहम धरला तर आपल्यातून 230 मिलिअँपिअर जातील, साधारण 53 वॉट. 6 अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी कुणीतरी एक बल्ब लावला, इतकंच! आणि इकडे 10 मिलिअँपिअरच्या आसपासच स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. माणसासाठी असते ती आरसीसीबी, जिला बरेच वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे ती बघते. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचीच घ्यावी. तेवढा करंट वाट चुकला की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत लाईन तोडते.

दोन पिनांचा हीटर सुरक्षित असतो, पण काच शाबूत आहे तोवरच. पाणी बदलताना पातळी उतरते, तापलेला हीटर उघडा पडतो, वरून गार पाणी लागतं आणि काच तडकते. म्हणून प्लग काढून 15 मिनिटं थांबा, मगच पाणी उपसा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी स्विच न्यूट्रलवर असतो आणि बंद केल्यावरही फेज टाकीपर्यंत पोचलेला असतो. वायरलाही सॉकेटच्या खाली झोल द्या, ओघळलेलं पाणी तिथून जमिनीवर ठिबकेल, बोर्डात शिरणार नाही.

"आमच्याकडे आरसीसीबी आहे" म्हणणाऱ्यांनीही एक तपासावं. फिल्टर बंद पडू नये म्हणून टाकी बहुधा इन्व्हर्टरवर असते. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा. ती पडली आणि तरीही टाकीचा दिवा चालूच राहिला, तर त्या सॉकेटला तिचा उपयोग नाही. इन्व्हर्टरनंतरच्या लाईनवर वेगळी आरसीसीबी बसवून घ्या, आणि तोवर प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालू नका.