दाखल केल्यावर निर्धास्त कसं होणार?
"मूल केंद्रात दाखल झालं की पालकांनी निर्धास्त व्हावं" हे व्यसनमुक्ती केंद्रांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आमचा मुलगा सोळाव्या वर्षी दाखल होता. पहिल्याच फोनवर रडत एकच धोशा, "आई, मला घरी ने, परत हात नाही लावणार." त्याला नाही म्हणायचं आणि तरी फोन ठेवायचा नाही. शिवाय धाकटीच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची, कौटुंबिक समुपदेशनाला दोघांनी बसायचं. निर्धास्त कधी होणार?

आणि हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचं व्यसन असेल तर एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. काही आठवडे तो पदार्थ घेणं बंद राहिल्यावर शरीराची तो सोसण्याची क्षमता घटते. घरी येऊन पूर्वीइतकाच डोस घेतला तर जीव जाऊ शकतो. डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांना नालोक्सोनबद्दल (अफूजन्य पदार्थाचा जास्त डोस झाल्यास त्याचा परिणाम उलटवणारं औषध) विचारा, घरातल्या वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवा.