बटाट्याची फोड आणि आजोबांचे तैलचित्र

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या तैलचित्रावरचा काळेपणा म्हणजे निव्वळ धूळ असते, कापलेल्या बटाट्याच्या फोडीने ती निघते, वरून जवसाच्या तेलाचा हात फिरवला की चित्र नव्यासारखे दिसते, आणि संग्रहालयातले लोकही हेच करून भरमसाट पैसे घेतात, उडालेला रंग तर कोणताही पेंटर भरून देईल. मी एका कलासंग्रहालयात चित्रसंवर्धनाचे काम करते आणि माझे माहेर बेळगावच्या शहापूरचे आहे, त्यामुळे हा संदेश नातेवाइकांकडूनच, ‘हे खरे का गं?’ या प्रश्नासह माझ्याकडे वारंवार येतो. त्यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहण्यासारखा आहे, कारण एक-दोन ठिकाणी त्यात खऱ्याचा अंशही आहे.

काळेपणा म्हणजे धूळ, हे विधान अपुरे आहे. सर्वांत वर धूळ, समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर यांचा थर असतो हे खरेच. पण त्याखाली बहुधा राळेपासून केलेले वार्निश असते आणि ते वर्षानुवर्षांत पिवळे, मग तपकिरी पडत जाते. डच चित्रकार रेम्ब्रांटचे १६४२ सालचे ‘नाइट वॉच’ हे रात्रीचे दृश्य आहे, असा समज काळवंडलेल्या वार्निशमुळे झाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते वार्निश काढल्यावर चित्रातला उजेड दिसू लागला. तिसरी शक्यता मात्र संदेश लिहिणाऱ्याच्या मनातही आलेली नाही: तो गडद थर चित्रकाराने स्वतःच, सावली खोल दिसावी म्हणून, पातळ रंगाने दिलेला असू शकतो. तो पुसला गेला तर पुन्हा आणता येत नाही. म्हणून आम्ही आधी अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाखाली चित्र पाहतो. जुने राळेचे वार्निश त्या प्रकाशात हिरवट चमकते आणि त्यावर नंतर कोणी लावलेला रंग काळ्या डागासारखा उठून दिसतो.

आपल्याकडच्या चित्रांत याला आणखी एक पदर आहे. वाड्यांच्या माजघरांत, वाचनालयांच्या आणि संस्थांच्या सभागृहांत लागलेल्या तैलचित्रांना दरवर्षी जयंती-पुण्यतिथीला हार घातला जातो आणि पुष्कळदा कपाळावर गंध टेकवले जाते. काच नसेल तर ते गंध थेट रंगावर बसते. मग प्रश्न पडतो की कपाळावरचा हा तांबडा टिळा चित्रकाराने रंगवलेला आहे, की घरच्यांनी लावलेला? सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे उत्तर बहुधा मिळते. चित्रकाराचा टिळा असेल, तर भोवतालच्या त्वचेच्या रंगाला गेलेले तडे त्याच्यातूनही तसेच पुढे जातात. नंतर लावलेले कुंकू मात्र त्या तड्यांच्या भेगांत उतरून बसलेले असते. बटाट्याच्या फोडीला हा फरक कळत नाही. आणि टिळा नंतरचा निघाला तरी तो लगेच पुसून टाकावा असे मी म्हणणार नाही. ज्या घराने तो लावला, त्या घराशी आधी बोलावे लागते.

आता बटाटा. लाळेने चित्र स्वच्छ करतात ही गोष्ट थट्टेची वाटली तरी खरी आहे. लाळेतले अमायलेज हे विकर (एन्झाइम) आणि तिचा सौम्यपणा यांमुळे काजळीचा चिकट थर सुटतो. या विषयावरच्या पोर्तुगीज संशोधनाला २०१८ साली रसायनशास्त्राचे इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे, पारितोषिकही मिळाले. संदेशातल्या घरगुती उपायाला बळ मिळते ते बहुधा अशा गोष्टींवरून. परंतु लाळेचा वापर होतो तो बांबूच्या काडीला गुंडाळलेल्या, हरभऱ्याएवढ्या कापसाच्या बोळ्याने, तोही घासून नव्हे तर रंगावरून हलके लोळवून, आणि नंतर ती जागा पुन्हा पुसून घेतली जाते. दर वेळी बोळा उजेडात धरून पाहायचा. राखाडी आला तर मळ निघतो आहे आणि वार्निश विरघळवणारे द्रावक वापरताना पिवळा आला तर वार्निश निघते आहे. निळ्याची किंवा तांबड्याची किंचितही झाक दिसली, तर काम तिथेच थांबवायचे. बटाट्याचा रस तड्यांमधून खाली शिरतो. कॅनव्हासला आधी सरस लावलेला असतो. तो पाण्याने फुगतो, कापड आकसते आणि वरच्या रंगाला जागा न उरल्याने तो तंबूसारखा उचलला जाऊन त्याचे पापुद्रे गळतात. मागे राहिलेला स्टार्च तर जून ते सप्टेंबर ओल धरणाऱ्या आपल्या भिंतींवर बुरशीला आयताच मिळतो.

शिवाय भिंतीवरचे ते चित्र तैलचित्रच आहे, हे कोणी ठरवले? राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केल्यानंतर त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरी पोहोचल्या. भिंगातून पाहिले तर त्यांत रंगांचे बारीक ठिपके दिसतात. पणजोबांची कित्येक ‘तैलचित्रे’ म्हणजे मोठा करून हाताने रंगवलेला फोटोच असतो. या दोन्हींखाली कागद असतो, आणि ओल्या बटाट्याने कागदाचे काय होईल ते सांगायला संवर्धक लागत नाही.

जवसाच्या तेलाचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याचा परिणाम पहिले काही महिने चांगलाच दिसतो. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, पिवळे पडते, आणि जितके जुने होते तितके विरघळायला कठीण जाते. मुळातला रंगही बहुधा याच तेलात कालवलेला असल्याने वरचा थर काढू शकणारे द्रावक खालच्या रंगालाही सोडत नाही. काही घरांत त्याऐवजी खोबरेल लावतात. ते तर वाळतच नाही आणि धूळ धरून बसते.

राहिला पैशांचा आणि पेंटरचा मुद्दा. पेंटरच्या हाताला मी नावे ठेवत नाही. आमच्यापैकी अनेकांपेक्षा त्याचा हात चांगला असतो. पण तो रंग जुळवण्यासाठी भोवतालच्या शाबूत भागावरही कुंचला फिरवतो. संवर्धक फक्त रंग उडालेल्या जागेत भरतो, मधे वार्निशचा थर ठेवतो आणि पुढे कोणालाही सहज काढता येईल असाच रंग वापरतो. स्पेनमधील बोर्हा गावच्या चर्चमध्ये एका वृद्ध बाईंनी सद्हेतूने रंगवलेला ख्रिस्ताचा चेहरा २०१२ साली जगभर हसण्याचा विषय झाला; हेतू चांगला असून काय होते, ते तिथे दिसले. आमचे पैसे मुख्यतः तपासणी, छायाचित्रे आणि नोंदी यांच्या वेळाचे असतात, आणि ते कमी नसतात हे मान्य आहे.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. चित्र देवघरासमोर किंवा पावसाची झड लागणाऱ्या भिंतीवर लावू नये; चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळेल. हार चौकटीला न घालता शेजारच्या खिळ्याला अडकवावा आणि गंध काचेवर लावावे. काच पुसताना फवारा फडक्यावर मारावा, काचेवर नव्हे. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर ब्रशही लावू नये; चित्र उतरवून, रंगाची बाजू वर ठेवून, आडवे ठेवावे आणि गळालेले तुकडे पाकिटात जपून ठेवावेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, आणि मैसूरला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. चित्र पाठवण्याआधी त्याच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंचे फोटो पाठवावेत. मागच्या बाजूची चिठ्ठी, शिक्का किंवा दुकानाचे नाव जुने आणि मळके वाटले, तरी काढून टाकू नये.