गुळाच्या खड्याने फुफ्फुसातली धूळ निघत नाही

कारखान्यातल्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज कायम फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा: फौंड्रीत, वेल्डिंगला, ग्राइंडिंगला असाल तर पाळी सुटल्यावर गुळाचा खडा खा, फुफ्फुसातली धूळ निघून जाते. लोखंडाची धूळ तशी निरुपद्रवी. तोंडाला रुमाल पुरे. ज्याला धाप लागते तो बिडीमुळे. या मेसेजवर विसंबून माणसं वर्षानुवर्षं धुळीत उभी राहतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गूळ. तो जातो अन्ननलिकेतून पोटात, धूळ जाते श्वासनलिकेतून फुफ्फुसात. घशापलीकडे दोघांची गाठ पडत नाही. मेसेजखाली कधीकधी 'हे संशोधनाने सिद्ध झालंय' असं लिहिलेलं असतं. संशोधन झालं आहे, हे खरं. लखनौच्या इंडस्ट्रियल टॉक्सिकॉलॉजी रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांचा निबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग उंदरांवर होता. त्यांच्या श्वासनलिकेत कोळशाची आणि सिलिकाची (वाळूतल्या खनिजाची) धूळ सोडली आणि काहींना गूळ दिला. गूळ खाल्लेल्या उंदरांच्या फुफ्फुसांतून कण लसिका ग्रंथींकडे लवकर सरकले, इजाही कमी दिसली. पण त्या ग्रंथी छातीतच असतात! शिवाय रोज आठ तास नवी धूळ आत ओढणारा माणूस गुळाने वाचतो, हे त्या प्रयोगातून ठरत नाही. धातूची धूळ तर त्यात नव्हतीच.

'गूळ खाल्ला की सकाळी काळा बेडका पडतो, म्हणजे धूळ निघाली' असं अनेक जण मनापासून सांगतात. बेडका पडतो, पण तो गूळ न खाताही पडतो. मोठे कण वरच्या श्वासनलिकांतल्या चिकट द्रवात अडकतात आणि तिथले सूक्ष्म तंतू ते घशाकडे ढकलत राहतात. घात करतात ते अगदी बारीक कण, साधारण ५ मायक्रॉनपेक्षा लहान. ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथे हे तंतू नसतात. तिथल्या भक्षक पेशी कण गिळतात. कण सिलिकाचा असेल तर पेशीच मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. या चक्रातून फुफ्फुसात कठीण गाठी धरतात. हाच सिलिकोसिस. काम सोडल्यावरही हा आजार वाढू शकतो.

'लोखंडाची धूळ निरुपद्रवी' या वाक्यात अर्धं सत्य आहे. शुद्ध लोखंडाच्या ऑक्साइडने एक्स-रेवर डाग दिसतात, पण धाप फारशी लागत नाही, आणि काम बदललं की डाग फिके होऊ शकतात. प्रश्न असा की, शुद्ध लोखंड कारखान्यात असतं कुठे? कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत फेटलिंग (ओतलेला भाग घासून साफ करणं) करणारा कास्टिंगला चिकटलेली साच्याची वाळूही घासत असतो, म्हणजे सिलिका. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला.

मला सर्वांत जास्त काळजी टूल रूममधल्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या माणसांची वाटते, कारण तिथे धूळ फारशी दिसतही नाही. धातू कापणाऱ्या हत्याराच्या कार्बाइड टिपमध्ये टंगस्टन कार्बाइडला धरून ठेवणारा धातू कोबाल्ट असतो. टिपला धार लावताना तो हवेत उडतो आणि काहींच्या फुफ्फुसात तीव्र दाह करतो. काहींना दमा होतो. ओलं ग्राइंडिंग केलं की सुटलो, असंही नाही. कोबाल्ट कूलंटमध्ये (धार लावताना थंड ठेवणाऱ्या द्रवात) विरघळतो आणि तेच कूलंट फिरत राहिलं तर त्याच्या तुषारांतून पुन्हा नाकात जातो. बेल्जियममध्ये कोबाल्ट असलेल्या चकत्यांवर हिरे घासणाऱ्यांनाही हा आजार झाला. त्या कामात टंगस्टन नव्हतं, म्हणजे दोष कोबाल्टचा.

रुमालाबद्दल फार लिहायला नको. इतके बारीक कण त्यातून सहज आरपार जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क बराच उपयोगी, पण दाढी असली तर कडेने फट राहते. त्याआधी धूळ उठते तिथेच ती ओढून घेणारा हूड आणि डक्ट हवा. तो बसवणं आणि चालू ठेवणं मालकाचं काम आहे. गूळ वाटणं त्याच्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि म्हणूनच हा मेसेज मला नुसता भाबडा वाटत नाही. कामगाराच्या छातीची जबाबदारी तो कामगाराच्याच जिभेवर टाकतो.

राहिली बिडी. ती फुफ्फुसाचं वाटोळं करते, सोडलीच पाहिजे. पण सिलिकोसिस आणि कोबाल्टचा आजार आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्यांनाही होतो. सिलिकामुळे टीबीचा धोकाही वाढतो. एक्स-रेवरचे सिलिकोसिसचे डाग टीबीचे समजून नुसतीच टीबीची औषधं चालू राहिली, की खरं कारण कागदावर येतच नाही.

म्हणून खोकला किंवा धाप असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. कोणत्या मशीनवर, कोणत्या धातूवर, किती वर्षं काम केलं, ते स्वतः सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. सुट्टीत त्रास कमी होऊन कामावर परतल्यावर वाढत असेल तर तेही सांगा. एक्स-रेसोबत स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजणारी तपासणी) करून मागा. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस आणि हार्ड मेटलमुळे (कोबाल्टने धरलेल्या टंगस्टन कार्बाइडमुळे) होणारे श्वसनविकार दोन्ही नोंदलेले होते; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. भरपाई मागताना कामाची नोंद असलेला हा केसपेपर लागेल.