पावसाळी लाईनला काय काय जोडलंय?

मे महिना उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नालेसफाईचे फोटो सुरू होतात. पोकलेन, काळाकुट्ट गाळ, रांगेत उभे डंपर आणि पाहणी करणारे साहेब. मग टक्क्यांवरून जुंपते. पालिका म्हणते एवढे टक्के काम झालं, विरोधक म्हणतात ते कागदावर झालं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात कुठला तरी सबवे भरतो आणि दोन्ही बाजू आपलंच खरं करून मोकळ्या होतात.

सिएटलमध्ये बसून हे वाचताना मला भांडण खटकत नाही, माप खटकतं. आपल्याकडे पावसाळी गटारांची (म्हणजे पावसाचं पाणी प्रक्रियेविना थेट नाल्या-ओढ्यात नेणाऱ्या लाईनची) सगळी चर्चा मिलिमीटर आणि टनांत चालते. पाणी किती, गाळ किती. त्या पाण्यात काय होतं आणि ते कुणी सोडलं, हे कुणी विचारत नाही.

मिलिमीटरचं एक वेळ समजू शकते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. सिएटलला वर्षभरात पडतो तो साधारण तेवढाच, तोही चाळणीतून गाळल्यासारखा, महिनोन् महिने. त्यामुळे इथल्या रस्त्याकडेच्या बागांचे फोटो पाठवून ‘बघा, असं करा’ म्हणणाऱ्या एनआरआय मंडळींनी (मीही त्यातलीच) आधी हा आकडा पाठ करावा. तासाला 25 मिमी पाणी वाहून नेणारी गटारं 50 मिमीची करा, असं मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं 1993 मध्येच सांगितलं होतं. ते काम आणि समुद्राच्या तोंडाशी पंपिंग स्टेशनं हवीतच, त्याबद्दल वाद नाही.

पण टनांचं काय? गाळ टनावर मोजला आणि पैसे टनावर दिले की गाळ येतच राहण्यात सगळ्यांचं भलं असतं. मिठी नदीच्या गाळउपशात 65 कोटींहून जास्त रकमेचा घोटाळा झाल्याचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं 2025 मध्ये नोंदवला. आरोपांचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. मला एवढंच दिसतं की गाळ कुणी टाकला यावर जर हिशेब बेतलेला असता, तर खोटी वजनं दाखवण्यात फारसा अर्थ उरला नसता.

माझा मामेभाऊ पुण्यात सहकारनगरच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्यानं त्या भागात जो कहर केला तो त्यानं डोळ्यांनी पाहिलाय. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, “अगं, तुमच्याकडे लोकच शिस्तीचे. इथं कोण ऐकणार?”

हे मला बिलकूल मान्य नाही. याच शिस्तीच्या लोकांनी 1950 च्या दशकात सिएटललगतचं आपलं लेक वॉशिंग्टन हे तळं पार हिरवट करून ठेवलं होतं. तळ्याकाठच्या शहरांची मैलाशुद्धीकरण केंद्रं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यातच सोडत, आणि त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ माजे. एडमंडसन नावाचे प्राणिशास्त्रज्ञ हे ओरडून सांगत होते. सगळ्या शहरांनी मिळून एक यंत्रणा उभारावी यासाठी मार्च 1958 मध्ये मतदान झालं, तर ते फसलं. उपनगरांना खर्च नको होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये योजना आटोपशीर करून पुन्हा मतदान घेतलं, तेव्हा कुठं ती मंजूर झाली. 1968 पर्यंत सगळं सांडपाणी तळ्यापासून वळवलं गेलं. शिस्त आधी आली नाही. आधी बिल आलं.

आणि ते बिल अजून येतं. सिएटलमध्ये घराच्या मालमत्ता कराच्या कागदावर ड्रेनेज फी वेगळी लिहिलेली असते. लहान घरांना ती प्लॉटच्या आकारावरून लागते; मोठ्या जागांवर छप्पर, काँक्रीट, डांबर जितकं जास्त, म्हणजे जितकं पाणी तुम्ही जिरू न देता रस्त्यावर ढकलता, तितकी ती चढत जाते. मोठ्या पार्किंगवाल्या दुकानाला ती चांगलीच झोंबते. पुण्यात आपण अंगणात पेव्हर ब्लॉक बसवतो, ‘चिखल नको’ म्हणून. त्या पाण्याचा खर्च उतारावरच्या वस्तीत राहणारा माणूस भरतो, ज्याच्या घरात ते शिरतं.

आता पाण्यात काय असतं, त्याकडे येते. आमच्या घरापासून जवळ कार्कीक पार्क आहे. त्यातून पायपर्स क्रीक नावाचा ओढा समुद्राला मिळतो. आपल्या ओढ्यांच्या मानानं पाणी अगदी नितळ, तळातले खडे मोजावेत इतकं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्रातून सामन मासे अंडी घालायला त्यात चढतात. अंडी घालून झाली की ते मरतात, हा त्यांचा जन्मक्रमच. पण कोहो जातीचे मासे अंडी घालण्याआधीच तडफडून मरायचे. तोंड वासायचं, गोल गोल फिरायचे, काही तासांत खलास. सिएटल परिसरातल्या शहरी ओढ्यांत परत आलेल्या कोहोंपैकी 40 ते 90 टक्के असे जात. ओढ्यांवर पाहणी करणारे मेलेल्या मादीचं पोट चिरून बघतात. मी एकदा जवळ उभी होते. आत अंडी जशीच्या तशी, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी टपोरी, फक्त नारिंगी. एकही बाहेर पडलेलं नव्हतं.

कारण शोधायला संशोधकांना बरीच वर्षं लागली. डिसेंबर 2020 मध्ये उत्तर आलं: टायर. टायरचं रबर हवेतल्या ओझोननं तडकू नये म्हणून त्यात 6पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी भिडल्यावर त्याचं 6पीपीडी-क्विनोन होतं. ते टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावर पडतं आणि पावसाबरोबर थेट ओढ्यात जातं. त्याच ओढ्यातल्या चम जातीच्या माशांना त्याचा त्रास होत नाही, कोहोला मात्र चिमूटभरही सोसत नाही. म्हणजे इथं कुणी कचरा टाकला नव्हता, कुणी नियम मोडला नव्हता. लोक गाड्या चालवत होते, बस्स.

यातली दिलाशाची गोष्ट त्याआधीच सापडली होती. विष ओळखू यायच्या कितीतरी आधी, 2015 च्या सुमारास, संशोधकांनी महामार्गावरचं पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडांच्या सालीच्या थरातून गाळून कोहोंना दिलं, तर मासे जगले. याच ओढ्याच्या पाणलोटात सिएटलनं 2001 मध्ये एक गल्ली नव्यानं बांधली होती. रस्ता अरुंद आणि वळणाचा, कडेला उथळ चर, त्यात झाडं. त्या गल्लीतून वाहून जाणारं पाणी 99 टक्के कमी झालं. साध्या मातीचं हे काम. मुंबईच्या 944 मिलिमीटरला ते पुरणार नाही. पण सात-आठ कोरड्या महिन्यांचं तेल, धूळ आणि रबर घेऊन उतरतो तो पहिला पाऊस काही 944 मिमीचा नसतो. सगळ्यात घाण पाणी त्याचंच असतं, आणि ते आवरायला चर आणि माती पुष्कळ कामाची आहे.

इथंही सगळं आलबेल नाही, हे सांगायलाच हवं. सिएटलच्या जुन्या भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी अजून एकाच नळात जातं, आणि जोराचा पाऊस झाला की ते मिश्रण बाहेर सुटतं. 9 फेब्रुवारी 2017 ला वेस्ट पॉइंटचं मैलाशुद्धीकरण केंद्र स्वतःच पाण्याखाली गेलं. त्यानंतर सुमारे 23.5 कोटी गॅलन मैलामिश्रित पाणी प्रक्रियेविना समुद्रात गेलं.

तरी एक फरक मला मोठा वाटतो. अमेरिकेच्या जलकायद्यात 1987 ला दुरुस्ती झाली आणि शहराच्या पावसाळी नळांनाही परवाना लागू लागला. म्हणजे नळाच्या तोंडातून जे बाहेर येईल त्याला नगरपालिका उत्तरदायी. मग तिला वर चढत जाऊन शोधावंच लागतं. आमच्या ओळखीच्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये पोरं स्वयंपाकघरातली रबरी मॅट मागच्या आवारात धूत. तेलकट पाणी जाळीतून खाली. एक दिवस निरीक्षक आला. त्यानं दंड केला नाही. जाळीवरचं तवंगाचं वर्तुळ दाखवलं, मॅट आत मोरीत धुवा म्हणाला, आणि पुन्हा येईन असं बजावून गेला. तो खरंच आला. कुठं संडासाचा पाइप चुकून पावसाळी लाईनला जोडलाय असा संशय आला की हे लोक संडासात रंग ओततात आणि खालच्या पावसाळी चेंबरशी उभं राहून तो रंग तिथं उतरतो का याची वाट बघतात.

आपल्याकडे ‘चुकून’ हा शब्दच लागू नाही. ड्रेनेज तुंबलं, वर्गणी काढून लाईन बदलायला कुणी तयार नाही, की प्लंबर म्हणतो, “ताई, शेजारून पावसाळी लाईन गेलीय, जोडून देऊ?” दुपारपर्यंत काम होतं. सोसायटी सुटली, ओढा अडकला. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम 24 नुसार प्रवाहात जाणूनबुजून दूषित पदार्थ सोडायला बंदी आहे, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष. कायदा आहे. चेंबरचं झाकण उचलणारा माणूस नाही.

आणि तक्रार करणाराही नाही. इथं 2023 मध्ये टायरमधल्या त्या रसायनाविरुद्ध केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला तो पुयालपसारख्या आदिवासी जमातींनी. सामन धरणं हा सरकारशी झालेल्या करारानं मिळालेला त्यांचा हक्क आहे आणि न्यायालयानं 1974 मध्ये तो ठणकावून मान्य केलाय. ओढा मेला तर नुकसान कुणाचं, हे इथं कागदावर आहे. मुंबईत वेसाव्याच्या कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर शहराचं प्लास्टिक येतं, पण नालेसफाईच्या बैठकीत त्यांना खुर्ची असल्याचं मी कधी वाचलं नाही.

मामेभावाची सोसायटी आता रिडेव्हलपमेंटला चाललीय. पुण्यात निम्म्या ओळखीच्यांची चाललीय. मी त्याला म्हटलं, हीच वेळ आहे. भोगवटा प्रमाणपत्राआधी महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यानं प्रत्येक इमारतीत रंग ओतून बघावा, आणि निकाल वॉर्डाच्या नकाशावर सगळ्यांना दिसावा. रंगाच्या पुडीला पोकलेनच्या तासाभराच्या भाड्याएवढेही पैसे लागत नाहीत. त्यानं बिल्डरकडून नकाशा मागवला. त्यात दोन्ही लाईन वेगळ्या, वेगळ्या रंगात, सुबक काढलेल्या आहेत. जुन्या इमारतीच्या नकाशातही त्या वेगळ्याच होत्या, हे त्यानंच मला सांगितलं. मग पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर त्यानं रंगचाचणीचा विषय घातला, पार्किंगच्या खाली. पार्किंगवरच मीटिंग संपेल, असा त्याचा अंदाज आहे. मी त्याला तो वर घे म्हणून रोज छळते आहे.