चंद्रोदय आणि माझं फोनबुक

संकष्टीला रात्री नऊनंतर आमच्या घरात आईला कुणी उलट बोलत नाही. दिवसभर वाटीभर साबुदाण्यावर काढलेली बाई, आणि घर शिवाजी पेठेत. आवाज चढला तर रंकाळ्यापर्यंत जातो. त्या रात्री पाऊस असा, की चंद्र सोडाच, समोरच्या तालमीचा दिवासुद्धा दिसेना. म्हणजे वेळ कॅलेंडरातच बघायची. बघितलं तर भिंतीवर नुसता खिळा. शाळेच्या प्रोजेक्टला गणपतीचं चित्र हवं म्हणून पुतण्यानं आख्खं कॅलेंडर नेऊन कातरलं होतं.

"मोबाईलवर बघतो की," मी म्हणालो. इथंच चुकलं.

पंचांगाचं एक ॲप उतरवून घेतलं. त्यानं आधी लोकेशन मागितलं. ते रास्तच, चंद्र गावागणिक वेगळ्या वेळी उगवतो, नागपूरची वेळ कोल्हापूरला चालत नाही. मग कॅमेरा मागितला. मग माइक. मग फोनबुक. चंद्राला उगवायला माझं फोनबुक कशाला? त्यात आहे काय, तर 'प्लंबर जुना', 'प्लंबर नवा' आणि 'प्लंबर उचलत नाही'. 'नको' दाबलं की तेच पान परत. पुन्हा 'नको', पुन्हा तेच पान. आमच्या खानावळीत वाटीवर हात आडवा धरून 'बास' म्हटलं तरी वाढपी बोटांच्या फटीतून तांबडा रस्सा ओततो. पण तो निदान मेव्हणीचा नंबर मागत नाही.

"काय बघालायस एवढा वेळ?"

"येतंय की," म्हणालो आणि दिली परवानगी.

ओटीपी जिन्यात उभं राहून घेतला, माजघरात रेंज नसते. मग मी माणूस आहे हे सिद्ध करायचं होतं. नऊ चौकोन, सिग्नल असलेले निवडा. मी रोज दाभोळकर कॉर्नरवरून जाणारा माणूस, पण नुसता खांब म्हणजे सिग्नल का, हे मला आजही सांगता येणार नाही. खांब धरला, चुकलं. सोडला, तरी चुकलं. पुढं 'अग्निशमन नळ' ओळखायचे होते. अमेरिकेत फुटपाथवर तसले बुटके लाल नळ असतात म्हणे. मी पोस्टाची पेटी समजून सोडून दिले. तिसऱ्या खेपेला ॲपलाच माझी दया आली.

आता वेळ दिसणार, तर सोनेरी पान उघडलं. 'सात दिवस फुकट! भाग्य उजळा!' खाली तळहाताएवढं हिरवं बटण: 'होय, माझं भाग्य उजळू दे'. त्याखाली, चष्मा पुसून दिसेल इतक्या करड्या अक्षरांत: 'नको, मला दुर्दैवातच राहायचंय'. सात दिवस संपले की वर्षाचे पैसे खात्यातून आपसूक जातात हे मला ठाऊक, म्हणून माझं बोट करड्या अक्षरांकडे निघालं. आई खांद्यावरून बघत होती.

"आज संकष्टी, आणि हे काय अभद्र दाबालायस?"

"अगं, नुसतं बटण आहे ते."

"बटण असलं म्हणून काय झालं? वाचून दाबालायस न्हवं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं सरकारकडे आहे. २०२३च्या नोव्हेंबरात केंद्रानं ॲपवाल्यांच्या असल्या १३ लबाड्यांची यादी करून त्यांना मनाई केली. 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं ही त्यातलीच एक. त्याच साली डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात तर उदाहरणच दिलंय: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपनं फोनबुक मागितलं आणि तुम्ही 'होय' म्हणालात, तरी ती संमती फोनबुकाला लागू होत नाही, कारण सल्ला द्यायला फोनबुक लागत नाही. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तरी उपाशी आईपुढं कलमं म्हणायची माझी छाती नाही.

मी बोट हवेत धरून उभा, तेवढ्यात जिन्यातून शेजारच्या काकूंची हाक आली. "वैनी, जेवलासा का? चंद्र उगवून पंधरा मिनटं झाली की!" त्यांचं कॅलेंडर खिळ्यावर होतं. आईनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि आरतीचं ताट उचललं. मी ॲप काढून टाकलं.

पण फोनबुक गेलं ते गेलंच. सकाळपर्यंत त्यातल्या प्रत्येकाला माझ्या नावानं मेसेज पोचला होता: 'माझं भाग्य उजळलं, तुमचंही उजळा'. साहेबांनी नुसता अंगठा पाठवला. मेव्हणीनं बायकोला फोन करून लॉटरी किती रुपयांची लागली ते विचारलं. 'प्लंबर उचलत नाही' याचा जन्मात पहिल्यांदा स्वतःहून फोन आला. मी उचलला नाही.

सातला गवळी दारात. "भावा, भाग्य उजळलंय म्हणं तुझं. मग दुधाचं मागचं देऊन टाक की."

"देतो की. पण चार खाडे झालेत, ते वजा कर."

"खाडं?" त्यानं किटली खाली ठेवली. "कुठं लिवल्यात? दाव बघू क्यालेंडर."