सोनं बसमध्ये, बस कड्यावर

हल्लीच्या दरोड्याच्या सिनेमांतले चोर इतके हुशार असतात की कंटाळा येतो. पकडले गेले तरी शेवटी कळतं, तेसुद्धा प्लॅनमध्येच होतं! अशा वेळी मी १९६९ चा 'द इटालियन जॉब' परत लावतो. मायकल केन टोळीचा म्होरक्या आहे तो. प्लॅन एकदम चोख आणि टोळी मात्र नमुन्यांची.

चीनकडून इटलीच्या फियात कार कंपनीला येणारं ४० लाख डॉलरचं सोनं तुरिन शहरात भर रस्त्यात लुटायचं. सिग्नलचा कॉम्प्युटर बिघडवून अख्खं शहर जॅम करायचं आणि मिनी कूपरच मावतील अशा वाटांनी सटकायचं. तीन गाड्या: लाल, पांढरी, निळी.

ती पळापळ मी कितीही वेळा बघू शकतो. वेगाचं तिथे फारसं कौतुकच नाही, गाड्या नको तिथे घुसतात ही मजा. दुकानांच्या गॅलरीतून निघतात, चर्चच्या पायऱ्यांवर लग्नाची मंडळी उभी असताना बाजूने धडाधड उतरतात. पुढे थेट फियातच्या लिंगोत्तो कारखान्याच्या छतावर! तो ट्रॅक सेट नाही बरं का, फियात खरोखर तिथे गाड्या तपासायची. म्हणजे फियातच्या डोक्यावर चढून इंग्रजी गाड्यांची जाहिरात, आणि शूटिंगला मदतही फियातचीच. स्टंट फ्रेंच रेमी ज्युलियनच्या टीमचे.

आता जरा हिशेब. सोन्याचा तेव्हाचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर. म्हणजे साधारण साडेतीन टन सोनं, एकेका मिनीत टनाहून जास्त. मिनीचं स्वतःचं वजन पाऊण टनही नाही! डिकीत एवढं भरलं तर पुढची चाकं जमिनीला टेकायची मारामार, आणि मिनी ओढतात पुढचीच चाकं. पण हे सगळं सिनेमा संपल्यावर सुचतं.

काम झाल्यावर मिनी चालत्या बसमध्ये चढवतात, सोनं बसमध्ये काढून घेतात आणि त्याच मिनी एकेक करून दरीत ढकलतात. तिथे मात्र जीव तुटतो राव.

२००३ च्या रिमेकमध्ये मिनी आहेत, पण कथेत सूड घुसलाय. सूड आला की चोरीतला चावटपणा जातो. अब्बास-मस्तानच्या हिंदी रिमेकबद्दल, 'प्लेयर्स'बद्दल (२०१२) न बोललेलं बरं.

शेवट सांगतोच, ५० वर्षांनंतर स्पॉयलर म्हणून ओरडू नका. बस कड्यावर अर्धी लटकलेली, सोनं दरीच्या टोकाला, माणसं दुसऱ्या टोकाला. केन म्हणतो, भारी आयडिया सुचलीय... आणि सिनेमा खल्लास! ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने यावर चक्क स्पर्धा घेतली, २००९ मध्ये निकाल लावला. जिंकलेलं उत्तर असं: मागच्या काचा फोडून भार कमी करा, पुढच्या टायरची हवा सोडा, इंधनाची टाकी रिकामी करा, मग एकाने उतरून दगड आणून पुढे भरा.

उत्तर बरोबरच असणार. पण केनला नेमकं हेच सुचलं होतं यावर माझा काडीचा विश्वास नाही.